चांदणी आधी ट्रकवर होती

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मर्सिडीज-बेंझवर पानभर लेख आला. फोटो झकास होते. पण ‘हा ब्रँड भारतात १९९४ साली दाखल झाला’ हे वाक्य वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. मी १९६६ साली, सोळाव्या वर्षी, लालबागच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. पहिल्या दिवशी उस्तादांनी हातात रॉकेलचा डबा नि फडकं दिलं आणि समोरच्या ट्रकचं नाक पुसायला सांगितलं. त्या नाकावर, जाळीच्या मधोमध, कडीतली तीन पात्यांची चांदणी होती. मर्सिडीजचीच. म्हणजे आपल्या लेखाच्या हिशेबाने ती यायला अजून अठ्ठावीस वर्षं बाकी होती आणि मी मात्र ती घासत बसलो होतो.

खरी गोष्ट अशी. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ साली रेल्वेची इंजिनं बनवायला निघाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचा टी आला. १९९४ साली स्थापन झाली ती मोटारगाड्यांची कंपनी, आणि तिची पहिली ई-क्लास १९९५ साली जोडली गेली तीही टेल्कोच्याच पुण्याकडच्या आवारात. लेखकाने साल चुकवलेलं नाही, गाडी चुकवली. वडीलधारं माणूस चाळीस वर्षं घरात राबत होतं, आणि आपण जावई आला त्या दिवसापासून घराण्याचा इतिहास लिहिला.

हे नुसतं चूक काढण्यासाठी लिहीत नाही. मोटार त्या जर्मन कंपनीने आधी काढली खरी, पण डिझेलच्या बाबतीत आधी ट्रक आणि मग मोटार हाच क्रम दिसतो, आणि तिचं नाव कशाने झालं ते त्याच क्रमात आहे. गॉटलीब डाइम्लरने १८९६ साली मोटर-ट्रक विकायला काढला, जगातला पहिलाच. बेंझने डिझेल इंजिन रस्त्यावर आणलं ते १९२३ साली, ट्रकमध्येच. मोटारीत ते यायला १९३६ उजाडलं. त्या गाडीचं नाव २६० डी. पहिल्यांदा डिझेलवर भरवसा ठेवला तो माल वाहणाऱ्यांनी, आणि जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी. शेटलोक मागून आले.

मी जन्मभर पंप आणि नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, दुरुस्त केले, म्हणून त्या जुन्या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहितो, आपल्या लेखात ते औषधालाही नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून आपोआप डिझेल पेटवते. आमच्या वेळच्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नसे. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, एक छोटी खोली असायची, तिथे ते आधी पेटायचं आणि मग जाळ खाली उतरायचा. चुलीत आधी चिपाड पेटवावं आणि मग लाकूड धरावं, तसं. ही युक्ती बेंझच्या कारखान्यातल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनियरची, पेटंट १९०९ चं. तिच्यामुळे नोझलला केसाएवढी चार-पाच भोकं लागत नसत, एक पिनवालं भोक पुरायचं आणि ते सहसा चोंदत नसे. डिझेलात पाणी असो, गंज असो, ड्रममधून बादलीने ओतलेलं असो, इंजिन कुरकुरत का होईना पचवायचं. तोटे होतेच. तेल जास्त प्यायचं, आणि थंडीत हीटर प्लग गरम झाल्याशिवाय ढिम्म हलायचं नाही. पण वाडीबंदरहून नाशिककडे निघालेल्या ट्रकला कसाऱ्याच्या चढणीवर काय हवं असतं? चालत राहणारं इंजिन. ‘मर्सिडीज’ म्हणजे आमच्या लेखी एवढंच होतं. सीट चामड्याची की रेक्झिनची हे कुणी विचारत नव्हतं. बहुतेक वेळा सीटवर गोणपाट असायचं.

करार संपल्यानंतरची एक गंमत सांगतो. वाडीबंदरचा एक ट्रकमालक टी लिहिलेला नवा ट्रक घेऊन गॅरेजात आला. खिशात रुमालात गुंडाळलेली जुन्या ट्रकची चांदणी होती. म्हणाला, ही लावून द्या, नाहीतर व्यापारी भाडं पाडून मागतात. उस्ताद हसले. बॉनेट उघडून त्याला इंजिन दाखवलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, ‘शेट, दारावरची पाटी बदलली, चूल तीच आहे.’ तो काही ऐकेना. शेवटी दोन भोकं पाडून चांदणी बसवून दिली. त्या दिवशी मला कळलं की नाव आणि माल या वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि गिऱ्हाईक पैसे दोन्हींचे मोजतं.

नावाचं म्हणाल तर तेही फार ओळखीचं आहे. मर्सिडीज हे कुण्या इंजिनियरचं नाव नाही. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समध्ये नीसला राहून डाइम्लरच्या गाड्या विकायचा. मुलीच्या नावाने शर्यतीत उतरायचा. १९०० साली त्याने छत्तीस गाड्यांची ऑर्डर एकदम दिली आणि नव्या इंजिनाला मुलीचं नाव द्यायला लावलं. ती गाडी विल्हेल्म मायबाखने आखली आणि १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने धुमाकूळ घातला. १९०२ साली नाव रीतसर नोंदलं गेलं, आणि १९०३ साली येलिनेकने स्वतःचं आडनावच येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं. आपल्याकडचे ट्रकवाले काचेच्या वर ‘चि. बंटी, कु. पिंकी’ रंगवून घेतात, त्यापेक्षा हे काही वेगळं नाही. फक्त त्याची पिंकी जगभर गेली. चांदणीची तीन पाती १९०९ ची. जमीन, पाणी, हवा, तिन्हीकडे आमचं इंजिन चालेल असा दावा. आणि डाइम्लर व बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या त्या १९२६ साली, युद्धानंतरच्या मंदीने दोघींच्याही नाकी नऊ आणल्यावर.

आपल्या लेखात कार्ल बेंझला दोन परिच्छेद आणि त्याच्या बायकोला अर्धी ओळ आहे. हे मात्र माझ्या बायकोला खटकलं. बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी गाडीच्या पेटंटचा अर्ज केला. एक सिलिंडर, पाऊण घोड्याची ताकद. पण गाडी अंगणाबाहेर फारशी जाईना, लोक घ्यायला तयार होईनात. लग्नाआधी आपल्या हुंड्याचे पैसे त्याच्या धंद्यात घातलेली ही बाई, बेर्टा, १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरावर किलोमीटर. वाटेत वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं, कारण तेच तिचं पेट्रोल. तेलाची नळी चोंदली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून लाकडी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनर हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारायचो, पण तो मूळ एका माहेरवाशिणीचा जुगाड आहे हे कळायला मला नातवाचा मोबाईल लागला.

नळीवरून आठवलं. १९७८ सालचे गणपती. एसटीचं आरक्षण मिळालं नाही म्हणून ओळखीच्या एका ट्रकने आम्ही चिपळूणला निघालो. मागे पत्रे भरलेले, पुढे केबिनमध्ये मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पोलादपूर सोडलं, कशेडी चढायला लागलो आणि इंजिन आचके द्यायला लागलं. मग बंदच. पाऊस असा की समोरचा दगड दिसेना. किन्नरने, म्हणजे ट्रकच्या क्लीनरने, चाकाला ओंडका लावला आणि हातातला टॉर्च धरला. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप हाताने मारून पाहिला तर डिझेल येतच नव्हतं. टाकीतून येणारी नळी सोडली. आत गंज आणि पोत्याच्या सुतळीचा गोळा. तार शोधायला केबिनमध्ये हात घातला तर हाताला लागली बायकोची छत्री, दादरहून आणून आठवडासुद्धा झाला नव्हता. एक काडी मोडून घेतली. गोळा निघाला, नळी जोडली, फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिलो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकदम स्वच्छ धार लागते. लाईनमधली हवा गेली की ती धार ओळखू येते. स्क्रू आवळला, सेल्फ मारला आणि गाडी सुरू. बायको खेडपर्यंत एक अक्षर बोलली नाही. परवा तिला बेर्टाबाईची गोष्ट मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली, तर म्हणाली, ‘तिने स्वतःची पिन वापरली.’

आता लेखात सफाईने गाळलेला भाग. १९२६ वरून लेख एकदम १९५४ च्या, पंखासारखी दारं उघडणाऱ्या ३०० एसएल गाडीवर उडी मारतो. मधली वर्षं कुठे गेली? हिटलर मिरवणुकीत उभा राहायचा ती उघडी ७७० गाडी मर्सिडीजची. युद्धात कंपनीने विमानाची इंजिनं आणि लष्करी वाहनं बनवली. १९४४ साली तिच्याकडे त्रेसष्ट हजारांवर माणसं कामाला होती, आणि त्यातली जवळपास निम्मी स्वखुशीने आलेली नव्हती. सक्तीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. कंपनी स्वतः आज हे सांगते, १९८८ साली तिने भरपाईपोटी दोन कोटी मार्क दिले. ती सांगते तर आपण का गाळावं? मी कामगार वस्तीत वाढलो, गिरण्यांचा भोंगा ऐकत. यंत्र सुरेख आहे म्हणून ते कुणी चालवलं हे विचारायचं नाही, असं आमच्याकडे नव्हतं.

चांगलं आहे ते चांगलंच म्हणेन. बेला बारेनी या त्यांच्या इंजिनियरने १९५१ साली पेटंटसाठी मांडलं की टक्करीत गाडीचं तोंड आणि शेपूट चेपलं पाहिजे, म्हणजे मधली माणसं वाचतील. १९५९ पासून तशा गाड्या निघाल्या. माझ्या उस्तादांना हे मेल्यावरही पटणार नाही, त्यांच्या मते जितकं लोखंड जाड तितकी गाडी भली. १९७८ साली बॉश कंपनीबरोबर चाक न अडकणारा ब्रेक आणला, तो आज आपल्या साध्या गाड्यांतही असतो. आणि झटकेही खाल्ले. १९९७ साली स्वीडनच्या पत्रकारांनी छोटी ए-क्लास एकदम वळवून पाहिली तर ती उलटली. आधी टाळाटाळ केली, मग विक्री थांबवून प्रत्येक गाडीत तोल सांभाळणारी यंत्रणा बसवली. १९९८ साली अमेरिकेच्या क्रायस्लरशी थाटात लग्न लावलं, २००७ साली काडीमोड. हे सगळं धंद्यात चालायचंच. मला जे लागलं ते २०२० चं. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत चलाखी केल्याचा आरोप, आणि अमेरिकेत सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड. जन्मभर धूर बघून पंप लावलेला माणूस आहे मी. गाडी काळा धूर सोडत असेल तर पंपातला प्लंजर बघावा, नोझल बघावं. धूर मोजणारा आला की तेवढ्यापुरतं शहाणं व्हायचं, हे कुणा टोणग्या गॅरेजवाल्याला शोभलं असतं.

एक शेवटचं, कारण लेखात ‘सामान्यांच्या आवाक्याबाहेरची’ असं चार वेळा म्हटलंय. टेम्पो हा शब्द आपण मराठीच करून टाकला, पण तो हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचा शिक्का. पुढे तो कारखाना हानोमाग या जर्मन कंपनीकडे गेला आणि तिथून डाइम्लर-बेंझकडे. पुण्याच्या बजाज टेम्पोने त्याच नात्याने ट्रॅक्स ही जीपसारखी गाडी काढली, आणि तिच्यात मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं डिझेल इंजिन घातलं. जर्मनीत तेच इंजिन मोटारीत टॅक्सी म्हणून पळायचं. तेव्हा आपल्यापैकी जे कुणी चिपळूण-गुहागर वडापमध्ये, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या ट्रॅक्समध्ये, अठरावं माणूस म्हणून, एक पाय बाहेर ठेवून प्रवास करून आले असतील, त्यांनी मर्सिडीजचं इंजिन अनुभवलेलं आहे. भाडं तेव्हा पाच-सात रुपये असावं.

१९९४ च्या जागी १९५४ अशी दुरुस्ती छापावी, एवढीच विनंती. मी १९८३ साली दारूखाना नावाच्या भंगारबाजारातून एक चांदणी उचलली होती, लोखंडाच्या काट्यावर वजन करून. एक पातं वाकलेलं आहे. बिस्किटाच्या डब्यात आहे. फोटो हवा असेल तर नातू काढून पाठवील. चांदणी मात्र कुठे पाठवणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पंप-नोझलवाला
काळाचौकी, मुंबई