बाबा, टोरंटो किती लांब ते नीट सांगतो

आई-बाबा, सा. न.

व्हिसा आला तेव्हापासून बाबा फोनवर अंतरच विचारतात अन् रेंज जाते, म्हणून लिहूनच पाठवतो. नागपूर ते टोरंटो सरळ आकाशातून मोजलं तर साधारण १२,५०० किमी. विमान ताशी ९०० च्या आसपास चालते म्हणजे १४ तास झाले, पण नागपूरहून डायरेक्ट फ्लाईट नाहीच, दिल्लीवरून या नाहीतर कतार देशातल्या दोहावरून.

बाबा, कॅनडा पश्चिमेला तर विमान उत्तरेला काऊन जाते म्हणाले ना, शाळेतला पृथ्वीगोल मागून आणा अन् सुतळीचं एक टोक दिल्लीवर, दुसरं टोरंटोवर धरून ताणा. सुतळी आपोआप वर सरकते, पार ग्रीनलंडवरून. तोच सगळ्यात जवळचा रस्ता, ११,६०० किमी. आता विमान अगदी त्याच रेषेवर जाईल असं नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं तेव्हा कितीतरी फ्लाईटींना फेरा पडला, तास वाढले.

मला विचाराल तर दोहावरून या. नागपूर-दोहा २,८०० किमी, चार-साडेचार तास, पुढं टोरंटो जवळपास १०,९०० किमी, चौदा तासांच्या आसपास. हजार-बाराशे किमी जास्त पडतात, पडू द्या, दिल्लीची धावपळ तरी वाचते अन् मधात पाय मोकळे होतात. आईचे गुडघे पाहता मी व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवतो, आई, त्यात लाजायचं काही नाही, सगळेच घेतात.

घरून गाडीनं यवतमाळ, वर्धा, नागपूर, मग विमानतळावर तीन तास आधी, मधातलं थांबणं, इथलं इमिग्रेशन, सगळं धरून माझ्या दारापर्यंत सव्वा ते दीड दिवस. विमानात दर तासा-दीड तासानं उठून जरा चाला, बसल्या जागी पावलं गोल फिरवा, पाणी पीत राहा. फार वेळ एकाच जागी बसलं की पायात रक्ताची गाठ होऊ शकते, हे मी खरंच काळजीनं सांगतो.

अन् घड्याळ. उन्हाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असते. म्हणजे समजा दिल्लीहून रात्री २ ला निघून १५ तास उडालं तरी इथं त्याच तारखेचे सकाळचे साडेसात. म्हणून बीपीची गोळी इथल्या घड्याळानं कधी घ्यायची ते डॉक्टरला आधीच विचारा, अन् गोळ्या मोठ्या बॅगेत नको, आईच्या पर्समध्येच ठेवा. परत जाताना वारं बहुतेक पाठीमागून असते, वेळ थोडा कमी लागते.

एप्रिलच्या शेवटी या, मृगाच्या आधी परत, पेरणीला बाबा वावरातच असतील. आर्णीला जाल तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, मी तिकीट पाहतो.

तुमचा,
बाळू