आधी फेऱ्या मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या (5 एप्रिल 2010) अंकात क्रीडा पानाच्या तळाशी मलेशियाच्या फॉर्म्युला वन शर्यतीवर जो मजकूर आला आहे, तो वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. वेटेल पहिला, वेबर दुसरा, रोझबर्ग तिसरा, हे आपण एका ओळीत उरकलंत. त्याबद्दल तक्रार नाही. आयपीएल चालू आहे, जागा कमी असते, हे कळतं. पण उरलेली सगळी जागा भारताचा ड्रायव्हर करुण चंढोक आणि त्याच्या, यंदाच शर्यतीत उतरलेल्या, हिस्पानिया संघाची थट्टा करण्यात घालवली, हे मला सहन झालं नाही. गाडीला कासव म्हटलं, संघाला वरातीत मागे राहिलेला पाहुणा म्हटलं, आणि शेवटी असल्या गाड्यांना ट्रॅकवर उतरूच देऊ नये, असा सल्लाही दिला. हे लिहिणाऱ्या गृहस्थांनी रविवारी दुपारी ती शर्यत पाहिली होती का, एवढंच मला विचारायचं आहे.

मी पाहिली. वर्कशॉप बंद असतं, म्हणून टीव्हीसमोर बसलो आणि शेवटची फेरी होईपर्यंत हललो नाही. चंढोक पंधरावा आला, त्याच संघाचा ब्रुनो सेना सोळावा. ट्रुलीची लोटस या दोघांच्याही मागे राहिली, तीही लोटस संघाच्या घरच्या मैदानावर. आदल्या दिवशी पावसात झालेल्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुटण्याच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, फेरारी आणि मॅक्लारेनवाले आभाळ बघत गॅरेजमध्ये थांबले आणि फसले. त्यामुळे रविवारी अलोन्सो एकोणिसाव्या, हॅमिल्टन विसाव्या, मासा एकविसाव्या जागेवरून सुटला, आणि मासाच्या लगेच मागे बाविसावा आपला चेन्नईचा मुलगा उभा होता. यातली एक ओळही आपल्या मजकुरात नाही.

नवा संघ कितव्या नंबराला आला हे आधी बघायचं नसतं. आधी त्याच्या फेऱ्या मोजायच्या असतात. 14 मार्चला बहारीनमध्ये 49 फेऱ्यांची शर्यत होती. चंढोकची एक फेरी पूर्ण झाली आणि दुसरीत एका उंचवट्यावर गाडी उसळून त्याची शर्यत संपली. सेनाच्या 17 झाल्या आणि इंजिन तापलं. दोन्ही गाड्यांच्या मिळून 18. पुढे मेलबर्नला 58 फेऱ्यांपैकी सेनाच्या चारच झाल्या, त्याचं हायड्रॉलिक्स गेलं. पण चंढोकने 53 पूर्ण केल्या आणि चौदावा आला. मिळून 57. आणि आता मलेशियात, सेपांगच्या ट्रॅकवर, 56 पैकी चंढोकच्या 53, सेनाच्या 52. मिळून 105. अठरा, सत्तावन्न, एकशे पाच. हा सगळा हिशोब तीन आठवड्यांतला आहे. ज्याने आयुष्यात कधी हातात पाना धरला आहे, त्याला हे आकडे वाचून काय वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

हायड्रॉलिक्स गेलं असं आपण दोन शब्दांत लिहून टाकता, म्हणून सांगतो. या गाड्यांचा गिअर हायड्रॉलिक्सच्या, म्हणजे तेलाच्या, दाबावर पडतो, क्लच त्याच दाबावर सुटतो. एका जोडातून तेल गळायला लागलं की ड्रायव्हर कितीही चांगला असो, त्याच्या हातात काही उरत नाही. असले जोड चाचणीत सापडतात. फेब्रुवारीत स्पेनमध्ये चार चाचण्या झाल्या, त्यांपैकी एकाही ठिकाणी हिस्पानियाची गाडी नव्हती, कारण गाडीच तयार नव्हती. पैसे थकले, गाडी बांधणाऱ्या दलारा कंपनीकडे काम रखडलं, फेब्रुवारीत मालक बदलला. 4 मार्चला मुर्सियामध्ये गाडीवरचा पडदा काढला, त्याच दिवशी चंढोकचं नाव जाहीर झालं, आणि दहा दिवसांनी शर्यत. बहारीनला शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी त्याची गाडी गॅरेजमध्ये जोडतच होते. तो त्या गाडीत बसून पहिल्यांदा ट्रॅकवर गेला तो थेट क्वालिफाइंगला. पहिल्या नंबरापेक्षा दहा सेकंदांहून जास्त मागे राहिला, हे आपण तेव्हाही मोठ्या अक्षरांत छापलं होतं. सीटबेल्ट नीट बसतो की नाही हेही ज्याला आदल्या दिवशी कळलेलं नाही, तो तसल्या गाडीत तेवढं तरी धावला, हे कुणी छापलं नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा राग आपल्या लक्षात येणार नाही.

1985 सालची गोष्ट. माझा चुलतभाऊ आणि मी, दोघं मिळून एक जुनी येझदी घेतली होती आणि मद्रासजवळ शोलावरमला जायचं ठरवलं होतं. तेव्हा मोटारसायकलच्या शर्यती म्हणजे शोलावरम. युद्धकाळातली जुनी धावपट्टी, दोन्ही बाजूंना गवताचे भारे आणि डोक्यावर ऊन. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवायचा, आणि त्या क्लबच्या उभारणीत करुणच्या आजोबांचा, इंदू चंढोक यांचा, हात होता. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, पुढे कळलं.

मी तेव्हा नाना पेठेत बोअरिंगचं, म्हणजे इंजिनचा सिलिंडर आतून कातण्याचं, काम शिकत होतो. सिलिंडर मीच बोअर केला, ओव्हरसाइझ पिस्टन मीच बसवला. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, थोडा टाइट ठेवला, कारण गाडी तिथे पोचल्यावर दोन दिवस सरावात हळूहळू चालवून इंजिन मोकळं करू, असा हिशोब होता. नव्या बोअरमध्ये पिस्टन आणि रिंगा बसायला वेळ द्यावा लागतो. आम्ही रेल्वेने पुढे गेलो आणि सामानात टाकलेली गाडी एक दिवस उशिरा हाती पडली. सराव बुडाला. संध्याकाळी प्लग साफ करून गाडी सुरू केली, जागच्या जागी अर्धा तास चालवली, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत.

मी भावाला दहा वेळा सांगितलं, पहिल्या तीन फेऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर काढ. त्याने ऐकलं, खरंच ऐकलं. पण सरळ पट्टीवर मागून आलेल्या घोळक्यात कोण अर्ध्या थ्रॉटलवर राहील? दुसऱ्या फेरीत इंजिन सीज झालं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. मागचं चाक लॉक झालं आणि रबराची काळी रेघ मी उभा होतो तिथपर्यंत आली. त्याने क्लच दाबला म्हणून वाचला. भाऱ्यांत जाऊन पडला, कोपर सोलून निघालं.

रात्री आम्ही सिलिंडर उतरवला. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर बोटभर रुंद ओरखडे होते, वरची रिंग खाचेत चिकटून बसली होती, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरच्या भिंतीला चांदीच्या वर्खासारखं लागलं होतं. तो पिस्टन आजही माझ्या वर्कशॉपमध्ये फळीवर आहे. कंदिलाच्या उजेडात मी एमरी पेपरने बोअर साफ केला, पिस्टनवरचे उंचवटे घासून काढले, रिंग सोडवली. पहाटे तीनला गाडी पुन्हा सुरू झाली. त्या आवाजावर आजूबाजूच्या तंबूंतले लोक उठून आले. कुणी चिडलं नाही. मद्रासच्या एका मेकॅनिकने आपल्याकडचं तेल दिलं, कार्ब्युरेटरचा एक नंबर मोठा जेट दिला आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत भाऊ शेवटचा आला. पण पूर्ण करून आला. तो शेवटच्या फेरीचा झेंडा ओलांडताना मी जितका रडलो, तितका स्वतःच्या लग्नात बहिणी रडल्या नसतील.

पुण्यात परतलो, तर एका दैनिकात चार ओळी आल्या होत्या. पुण्याची जोडी मद्रासला गेली आणि दोन फेऱ्यांत परतली, अशा अर्थाच्या. दुसऱ्या दिवसाचा शब्दही नव्हता. काकांनी तो कागद दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचला. भाऊ काही बोलला नाही. महिन्याभरात त्याने गाडी विकली आणि पुढे कधीही शर्यतीचं नाव काढलं नाही. आज तो पन्नाशीचा आहे, सुखी आहे, पण माझ्या वर्कशॉपमध्ये आला की त्या फळीकडे बघत नाही. त्या चार ओळी लिहिणाऱ्याला आपण काय केलं, ते कधी कळलंही नसेल. म्हणून संपादक महाशय, काल आपल्या पानावर तसाच मजकूर पाहिला आणि पत्र लिहायला बसलो.

शेवटी येणाऱ्याला बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी फोर्स इंडिया संघाचंही आठवून बघावं. 2008 साली, नव्या नावाखाली पहिल्याच मोसमात, 18 शर्यतींत त्यांना एकही गुण मिळाला नाही. तेव्हाही हेच लिहिलं गेलं. गेल्या ऑगस्टमध्ये बेल्जियमला त्यांचा फिसिकेला पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, सुटला आणि दुसरा आला. परवा सेपांगला त्यांचाच सुटिल पाचवा आला. त्यांच्याकडे निदान आधीच्या संघाचा कारखाना आणि माणसं होती. हिस्पानियाकडे तेही नाही. खर्चावर मर्यादा येणार या भरवशावर गेल्या वर्षी नव्या संघांनी अर्ज भरले, आणि ती मर्यादा नंतर बारगळली. अमेरिकेतला यूएस एफ-वन संघ तर गाडीच उभी करू शकला नाही. व्हर्जिन या दुसऱ्या नव्या संघाच्या गाडीची टाकी पुरेशी मोठी नाही, आणि यंदा शर्यतीत मध्येच इंधन भरायला बंदी आहे. मोठमोठ्या पैसेवाल्यांची ही कथा. अशा वर्षात हिस्पानियाच्या दोन्ही गाड्यांनी तिसऱ्याच शर्यतीत शेवटचा झेंडा पाहिला.

आणखी एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या शहर पुरवणीत रात्री सायलेन्सर काढून रस्त्यावर गाड्या उडवणाऱ्या पोरांना सर्रास 'रेसर' म्हटलं जातं. 'रेसरच्या धडकेत वृद्ध जखमी' असं आपण छापता. ती पोरं रेसर नाहीत. रेसर हेल्मेट घालतो, लायसन्स काढतो, गाडी तपासून घेतो आणि बंद ट्रॅकवर धावतो. हा शब्द रस्त्यावरच्या गुंडगिरीला चिकटल्यामुळे माझ्याकडे इंजिनचं काम शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप घाबरतात. गेल्याच महिन्यात एका हुशार मुलाला त्याची आई येऊन हात धरून घेऊन गेली. तिच्या हातात आपल्याच पुरवणीचं पान होतं.

करुणचं आडनावही एकाच पानावर दोन प्रकारे छापलं आहे, वर 'चांडोक' आणि खाली फोटोखाली 'चंधोक'. भारताचा फॉर्म्युला वनमधला हा दुसराच ड्रायव्हर. नारायण कार्तिकेयननंतर पाच वर्षांनी आला आहे. त्याचं नाव एकदा ठरवून घ्या, एवढं तर आपल्याला जमेल.

18 तारखेला शांघायला पुढची शर्यत आहे. सोमवारच्या अंकात चोवीसही गाड्यांचा निकाल छापा, प्रत्येकीसमोर तिने पूर्ण केलेल्या फेऱ्यांचा आकडा टाका. चोवीस ओळी लागतील. जागा नसेल तर हे पत्र छापू नका, तो तक्ता छापा. मी कापून भावाला नेऊन देईन.

आपला,
एक जुना वाचक
(बोअरिंग-होनिंग कारागीर)
नाना पेठ, पुणे
6 एप्रिल 2010