गोलाचे घनफळ शून्य?

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : गणित व भौतिकशास्त्राच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमातील चुका आणि माझी तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

महोदय/महोदया,

मी आपल्या गणित-भौतिकशास्त्र अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. वय ४३. कॉलेज सोडून वीस वर्षे झाली. नोकरी पूर्णवेळ असल्यामुळे अभ्यास होतो तो रात्री साडेनऊनंतर आणि रविवारी. हे रडगाणे नव्हे. आपल्याकडची एक छोटी चूक माझ्याकडे किती रात्री खाते, एवढेच कळावे म्हणून सांगते.

तिसऱ्या स्वाध्यायातला सातवा प्रश्न घ्या. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचे इंटिग्रेशन (समाकलन) करायचे होते. मी सरळ 'साइन वर्ग एक्स भागिले दोन, अधिक सी' असे उत्तर भरले; सी म्हणजे कोणतीही स्थिर संख्या. लाल फुली आली. उत्तरसूचीत होते 'वजा कॉस दोन एक्स भागिले चार, अधिक सी'. मी दोन्हींत एक्सच्या जागी शून्य घालून पाहिले, सी बाजूला ठेवून. माझे शून्य आले, आपले वजा एक चतुर्थांश. झाले, म्हटले आपलेच चुकले! वहीची चार पाने भरली, चूक काही सापडेना. दुसऱ्या रात्री एक्सच्या जागी ४५ अंश घातले, मग ९० घातले, आणि तेव्हा ध्यानात आले की कुठेही पाहा, फरक तेवढाच राहतो, एक चतुर्थांश. म्हणजे तो त्या सीमध्येच जिरतो आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. अकरावीचा विद्यार्थीही हे सांगेल, पण आपले तपासणी यंत्र अक्षराला अक्षर जुळवते. दोन उत्तरांचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे इंटिग्रेशनची उलट क्रिया, काढून ताडून पाहणे त्याला जमत नसेल, तर असे प्रश्न त्याच्या हाती देऊ नयेत.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे एक अंतर आणि दोन कोन यांनी बिंदूची जागा सांगण्याच्या पद्धतीत, गणिताच्या पुस्तिकेत थीटा हा उभ्या अक्षाभोवती फिरणारा कोन आहे, म्हणजे शून्य ते दोन पाय (२π, पूर्ण फेरी). भौतिकशास्त्राच्या पुस्तिकेत तोच थीटा उभ्या अक्षापासून मोजलेला, शून्य ते पाय. दोन्ही पद्धती जगात चालतात. आयएसओ ८००००-२ हे मानक भौतिकशास्त्राच्या बाजूचे आहे, पण तोही मुद्दा नाही. मुद्दा असा की भौतिकशास्त्राच्या पुस्तिकेत गोलाच्या घनफळाच्या सोडवलेल्या उदाहरणात 'आर वर्ग साइन थीटा' हे इंटिग्रेशनमधले पद भौतिकशास्त्राचे घेतले आणि थीटाच्या मर्यादा गणिताच्या पुस्तिकेतून उचलल्या. साइन थीटाचे शून्य ते दोन पाय इंटिग्रेशन केले की शून्य येते. त्या हिशेबाने गोलाचे घनफळ शून्य! तरी खालच्या ओळीत चार तृतीयांश पाय आर घन छापलेच आहे, कारण उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते. पुढच्या सत्रात हायड्रोजनच्या अणूसाठी श्रोडिंगरचे समीकरण याच कोऑर्डिनेट्समध्ये सोडवायचे आहे. तिथे उत्तर कोणाला पाठ असणार?

अन्याय नको म्हणून हेही लिहिते की लिनिअर अल्जिब्राचा भाग सुरेख आहे. कॉलेजात कधीच न उमगलेला आयगेनव्हेक्टर मला आपल्या चौथ्या प्रकरणात उमगला. ते प्रकरण ज्यांनी लिहिले त्यांनी वरची दोन पाने एकदा नजरेखालून घातली असती, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

दोन्ही चुका मी वहीच्या पानांच्या फोटोंसह मदत कक्षाला कळवल्या. उत्तर आले, 'ब्राउझरची कॅशे साफ करून पुन्हा प्रयत्न करा.' मी केली. घनफळ शून्यच राहिले. पुन्हा लिहिले, तर तिसऱ्या दिवशी 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असा निरोप आला आणि खाली सेवेला किती तारे द्याल, अशी विचारणा.

वर्गात बसणारा हात वर करून विचारू शकतो, शेजारच्याच्या वहीत डोकावू शकतो. माझ्याजवळ फक्त उत्तरसूची आहे. तिचे नि माझे पटले नाही की मी स्वतःलाच चूक ठरवते. मध्यंतरी तर अभ्यास सोडायचेही मनात आले होते, ते याच दोन प्रश्नांपायी.

तरी सातव्या प्रश्नाचे गुण मला द्यावेत आणि तोच प्रश्न सोडवलेल्या इतरांचेही पुन्हा तपासावेत. दोन्ही पुस्तिकांसाठी शुद्धिपत्र काढून सर्व विद्यार्थ्यांना पाठवावे आणि कोणता कोन कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते दोन्हींच्या पहिल्या पानावर छापावे. विषयाच्या शंकांना विषय जाणणाऱ्या माणसाने उत्तर द्यावे. ही सोय नोंदणीच्या वेळी आपणच कबूल केली होती. या घोळात माझे तीन आठवडे गेले, तेवढी अभ्यासक्रमाची मुदत वाढवून मिळावी. १५ दिवसांत हे झाले नाही, तर राहिलेल्या सत्रांचे शुल्क परत करावे.

उत्तर लेखी द्यावे. तक्रार पुन्हा बंद करायची असेल, तर कोणी आणि काय तपासून बंद केली, तेही त्यात लिहावे.

आपली,
दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

सोबत : वहीची सहा पाने, मदत कक्षाची दोन्ही उत्तरे