फोटो राहतात, नावं जातात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फोटो सांभाळायला ओपन सोर्समधलं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो असं, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारलं की लोक लगेच फीचर्स सांगायला लागतात, हे चेहरे ओळखतं, ते नकाशावर दाखवतं, वगैरे. मी इतक्या वेळा बदलाबदली केलीये की आता एकच गोष्ट बघतो, मी हाताने टाइप केलेली माहिती, म्हणजे फोटोत कोण आहे, प्रसंग कुठला, ती हा प्रोग्रॅम ठेवतो कुठे? फोटोच्या फाइलमध्ये, की स्वतःच्या डेटाबेसमध्ये?

हे शहाणपण उशिरा आलं. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये बसून बसून घरातल्या जुन्या स्कॅन केलेल्या फोटोंना नावं दिली होती, कॉम्प्युटर बदलताना सगळे फोल्डर नीट कॉपी केले, एकही फोटो गेला नाही, पण नावं मात्र सगळी गेली कारण ती भलतीकडेच एका फाइलमध्ये होती आणि तीही उचलायची असते हे माझ्या गावीही नव्हतं. त्यातली निम्मी नावं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

शॉटवेल साधं सुटसुटीत आहे, लिनक्सवर पटकन चालू होतं, पण टॅग, म्हणजे आपण फोटोला दिलेली नावं-खुणा, फोटोच्या फाइलमध्ये लिहायचं सेटिंग त्यात आधीपासून चालू नसतं, ते आपण जाऊन चालू करायचं. डिजिकॅम त्यामानाने अवजड, पहिल्यांदा उघडलं की मेनू बघूनच घाम फुटतो, पण ते लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं आणि टॅग, स्टार, चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये, म्हणजे फोटोची माहिती ठेवणाऱ्या छोट्या जोड-फाइलमध्ये, लिहू शकतं. त्याचा स्वतःचा डेटाबेस आहेच, पण तो उडाला तरी फोल्डर परत स्कॅन केले की लिहिलेली माहिती परत येते. मला एवढंच पाहिजे होतं!

डार्कटेबलला लोक उगाच या यादीत घालतात, ते मुळात रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या फाइली, डेव्हलप करायचं सॉफ्टवेअर. तेही एक्सएमपी लिहितं, आणि त्यातले टॅग, स्टार दुसरे प्रोग्रॅम वाचतातही, पण रंग, एक्स्पोजर वगैरे एडिटिंगच्या पायऱ्या फक्त त्यालाच कळतात.

सध्या सगळीकडे आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या इमिचची हवा आहे, आणि ती खोटी नाही. फोनमधले फोटो आपोआप आपल्याच सर्व्हरवर जातात, घरातल्या कोणाला काही शिकवावं लागत नाही. पण ते पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालतं, तिथे दिलेली चेहऱ्यांची नावं त्या डेटाबेसमध्ये राहतात, त्यामुळे बॅकअप फोटोंचाही घ्यायचा आणि डेटाबेसचाही, आणि बरेच जण फक्त फोटोंचा घेऊन निवांत झोपतात.

ओपन सोर्स आहे म्हणजे माहिती आपलीच, असं धरून चालू नका. 2016 मध्ये गूगलने फोटो सांभाळायचं आपलं पिकासा बंद केलं तेव्हा लोक म्हणायचे की कंपनीच्या भरवशावर राहिलं की असंच होतं, ते खरंय, पण फुकटचं सॉफ्टवेअर बनवणारी माणसंही कधीतरी थकतात. कोड उघडा असला म्हणून नावं आपोआप बाहेर पडत नाहीत. म्हणून सगळे फोटो घालायच्या आधी दहाच घ्या, टॅग द्या, दोन चेहऱ्यांना नावं द्या, आणि तो फोल्डर दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा काय काय दिसतंय. अर्ध्या तासाचं काम आहे.

माझं सध्या दोन्हीवर चाललंय. नावं डिजिकॅममध्ये लिहितो, आणि तोच फोल्डर इमिचला एक्स्टर्नल लायब्ररी म्हणून नुसता वाचायला दिलाय. फाइलमधली चेहऱ्यांची नावं इमिच उचलतं, फक्त त्याचं सेटिंग शोधून चालू करावं लागतं, मला ते सापडायला दोन रविवार गेले.

आपला,
एक वाचक