अ‍ॅपल कपची मुदत २०२८ ला संपते: गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांना खुलं पत्र

माननीय गव्हर्नर बॉब फर्ग्युसन,
वॉशिंग्टन राज्य, ऑलिंपिया

सप्रेम नमस्कार.

हे पत्र विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, आणि आपल्या राज्याच्या दोन विद्यापीठांत होणाऱ्या अ‍ॅपल कप या सामन्याबद्दल. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिण्याचं कारण असं की रेडमंड, बॉथेल, समामिश भागातल्या मराठी घरांतली मुलं सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये जातात, पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटमध्येही जातात. आम्ही इथले करदाते आहोत, आमच्यातले बरेच जण मतदार आहेत, पण हा खेळ आपला नाही असं धरून या प्रश्नावर आम्ही गप्प राहिलो. माझी थोरली मुलगी पुलमनला शिकली, धाकटी सिअ‍ॅटलला. दोन्ही विद्यापीठं राज्याची आहेत आणि दोन्हीकडची फी मी सारख्याच विश्वासाने भरली.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. त्या एका दिवसात पाच विद्यापीठांनी पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडली. वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. यूएससी आणि यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांनी आपण जाणार असं वर्षभर आधीच जाहीर केलं होतं, कोलोरॅडोने आठवडाभर आधी. सप्टेंबर उजाडला तसे स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले. बारांपैकी उरली दोन: कॉर्वॅलिसचं ओरेगन स्टेट आणि आपल्या पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

या खेळाशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. कोण कुणाशी खेळणार हे तो गट ठरवतो, आणि सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकून पैसा सदस्यांत वाटतो. पॅक-१२ ची सुरुवात १९१५ मध्ये पोर्टलंडला झाली; वॉशिंग्टन तेव्हापासून त्यात, वॉशिंग्टन स्टेट १९१७ पासून. १९५९ साली जुनी रचना मोडली तेव्हाही पुलमनला बाहेर ठेवलं गेलं होतं आणि परत आत यायला १९६२ उजाडलं. म्हणजे आत्ताचा धक्का पहिला नाही. पण तेव्हा टीव्हीचा पैसा आजच्यासारखा सगळं ठरवत नव्हता. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी केलेला करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठाने पैशासाठी जाऊ नये, असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. राज्याच्या एका विद्यापीठाने घेतलेल्या निर्णयाचा राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठावर काय परिणाम होईल, हे विचारायची जबाबदारी त्या दिवशी कुणावरच नव्हती. त्यानंतर प्रकरण कोर्टात गेलं. व्हिटमन काउंटीचे न्यायाधीश गॅरी लिबी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉन्फरन्सचा कारभार उरलेल्या दोघांच्या हाती दिला, आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम राहू दिला. त्या खटल्यात वॉशिंग्टन विद्यापीठ विरुद्ध बाजूला उभं होतं. तुम्ही तेव्हा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होता. राज्याची दोन विद्यापीठं एकमेकांसमोर उभी राहिलेली तुम्ही जवळून पाहिली आहेत.

आता रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे शाळेतले खेळाडू विद्यापीठाकडे वळवण्याबद्दल, कारण खरं नुकसान तिथे झालं आहे आणि ते बाहेरून दिसत नाही.

याकिमा किंवा स्पोकॅनच्या हायस्कुलातल्या खेळाडूच्या घरी कोच जातो, तेव्हा आईवडील ठरलेले प्रश्न विचारतात. मुलगा कुणाविरुद्ध खेळेल? सामने कुठल्या चॅनेलवर दिसतील? हातात काय पडेल? (२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात.) चौथा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे, आता तोच पहिला असतो: तुम्ही स्वतः दोन वर्षांनी इथे असाल का? पुलमनच्या कोचकडे २०२३ च्या हिवाळ्यात यातल्या एकाही प्रश्नाला पक्कं उत्तर नव्हतं. २०२४ चं वेळापत्रक माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला पैसे देऊन उभं करावं लागलं. २०२५ मध्ये तर ओरेगन स्टेटशी एकाच हंगामात दोनदा खेळावं लागलं.

कॅम वॉर्ड या क्वार्टरबॅकचं, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचं, उदाहरण घ्या. शाळेतून बाहेर पडताना मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. तो इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठातून पुलमनला आला, दोन वर्षं खेळला, घडला. २०२३ चा हंगाम संपताच तो निघाला आणि मायामीला गेला. २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, सगळ्यात पहिलं नाव त्याचं होतं. त्याच्या यशाचा मला आनंद आहे आणि त्याच्या जाण्याला मी नावं ठेवणार नाही. पुढच्या वर्षी जॉन मटीरच्या हाती संघ आला. २०२४ मध्ये पुलमनने पहिल्या नऊपैकी आठ सामने जिंकले, कॉन्फरन्स नसताना. बक्षीस काय मिळालं? त्याच डिसेंबरमध्ये मुख्य कोच जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले, आक्रमणाचे कोच बेन आर्बकल ओक्लाहोमाला गेले आणि मटीरही ओक्लाहोमालाच. नवे कोच जिमी रॉजर्स एका हंगामानंतर आयोवा स्टेटला गेले. कॉर्वॅलिसची कथा हीच: जोनाथन स्मिथ मिशिगन स्टेटला गेले आणि मागोमाग त्यांचा तरुण क्वार्टरबॅक एडन चाइल्स.

ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणाऱ्या व्यवस्थेमुळे, हे सगळीकडे घडतं, असं कुणी म्हणेल. घडतं, मान्य. पण पोर्टल दोन्ही दिशांनी चालतं. ज्याच्याकडे मोठी कॉन्फरन्स आहे तो गेलेल्याच्या जागी तोलाचा खेळाडू आणतो. ज्याच्याकडे नाही, तो मुलं शोधतो, शिकवतो, आणि ती तयार झाली की दुसरा घेऊन जातो. जिंकूनही माणसं टिकत नसतील, तर कोचने पुढच्या मुलाच्या आईवडिलांना काय सांगायचं?

प्रतिस्पर्ध्याचंही सगळं भलं झालं असं नाही. वॉशिंग्टन जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, मिशिगनकडून हरलं, आणि काही दिवसांतच कोच केलन डीबोअर अलाबामाला गेले. बिग टेनमधला पहिला हंगाम सहा विजय आणि सात पराभवांचा गेला. जुन्या सदस्यांना मिळतो तेवढा वाटाही वॉशिंग्टनला अजून मिळत नाही. सुरुवातीचा आकडा वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर, म्हणजे साधारण निम्मा. आणि त्या बदल्यात सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुली न्यू जर्सी, मेरीलँड, पेनसिल्व्हेनियाला खेळायला जातात. मंगळवारी परीक्षा असलेल्या मुलीने रविवारी रात्री देशाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून परतायचं, हे कुठल्या पालकाने मागितलं होतं?

पुलमनमध्ये तर खेळच कमी झाले. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ट्रॅक अँड फील्डमधल्या उड्या आणि फेकींचे प्रकार बंद केले, आखूड पल्ल्याच्या शर्यतींनाही कात्री लावली. याच विद्यापीठाच्या हेन्री रोनो या धावपटूने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते. फुटबॉलच्या टीव्हीचा पैसा हलला आणि भालाफेक करणाऱ्या मुलीची जागा गेली. या बातमीने मी जितकी अस्वस्थ झाले तितकी कुठल्याही पराभवाने झाले नव्हते.

आता अ‍ॅपल कप. दोन्ही विद्यापीठं १९०० मध्ये पहिल्यांदा भिडली आणि १९६२ पासून या सामन्याला हे नाव आहे. तो साधारणतः नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास होत असे. १९९२ चा बर्फातला सामना, ज्यात ड्रू ब्लेडसोच्या पुलमनने वॉशिंग्टनला ४२-२३ ने हरवलं, त्याच्याबद्दल लोक आजही काल पाहिल्यासारखं बोलतात. आता वॉशिंग्टनचा हंगाम ओरेगनशी खेळून संपतो आणि अ‍ॅपल कप सप्टेंबरात आला आहे. २०२४ मध्ये पुलमनने सिअ‍ॅटलच्या ल्युमेन फील्डवर शेवटच्या क्षणी गोलरेषेपाशी वॉशिंग्टनला अडवून २४-१९ ने जिंकलं. २०२५ मध्ये पुलमनच्या संघाला घरच्याच मैदानावर ५९-२४ अशी हार पत्करावी लागली. हे अंतर वाढत गेलं, तर लवकरच कुणीतरी सांगेल की हा सामना दोघांच्याही फायद्याचा राहिला नाही.

या सामन्याचा करार २०२८ पर्यंतचा आहे, आणि बिग टेनचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतो. पुढची मोठी उलथापालथ त्याच सुमारास होणार आणि तोवर अ‍ॅपल कपला कुठलंही संरक्षण उरलेलं नसेल. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर थेट २०२४ मध्ये भेटले. ओक्लाहोमाच्या दोन विद्यापीठांचा शंभर वर्षांहून जुना सामना २०२३ नंतर थांबला. कॉन्फरन्स वेगळ्या झाल्या की असे सामने सहज मोडतात.

गव्हर्नरांनी यात पडू नये, असं तुम्हाला तुमचे सल्लागार सांगतील. २००३ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर मार्क वॉर्नर पडले होते. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाचं मत एसीसीच्या विस्तारासाठी निर्णायक होतं; राज्याच्या दबावामुळे त्या विद्यापीठाने राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठाची, व्हर्जिनिया टेकची, बाजू धरली आणि टेकला आत जागा मिळाली. कॅलिफोर्नियात यूसीएलए आणि कॅल एकाच रीजंट मंडळाखाली (विद्यापीठाच्या नियामक मंडळाखाली) आहेत, म्हणून तिथल्या मंडळाला यूसीएलएला सांगता आलं की तुम्ही जा, पण कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्या. आपल्याकडे दोन वेगळी मंडळं आहेत आणि त्यामुळे हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नाही. पण दोन्ही मंडळांचे रीजंट नेमतं कोण? तुम्ही. राज्य सिनेट त्यांना मान्यता देतं.

म्हणून माझ्या मागण्या फुटबॉलच्या मैदानाबद्दल नाहीत, तुमच्या अधिकाराबद्दल आहेत. दोन्ही मंडळांना एकत्र बसवा आणि अ‍ॅपल कपचा करार २०२८ च्या बराच पुढे न्या, पुलमन आणि सिअ‍ॅटल आलटून पालटून. राज्यातलं कुठलंही सार्वजनिक विद्यापीठ कॉन्फरन्स बदलणार असेल तर आधी सूचना, जाहीर सुनावणी आणि दुसऱ्या विद्यापीठावरच्या परिणामाचा लेखी अहवाल, असा कायदा विधिमंडळाकडून करून घ्या. २०३० नंतर वॉशिंग्टनला बिग टेनचा पूर्ण वाटा मिळू लागला, तर त्यातला काही भाग पुलमनच्या फुटबॉलेतर खेळांसाठी ठेवता येईल का, याचाही विचार व्हावा. ही शेवटची मागणी सिअ‍ॅटलमध्ये आवडणार नाही, माझ्या धाकटीला तर मुळीच नाही. तरी मी ती करते आहे.

तुम्ही स्वतः वॉशिंग्टन विद्यापीठाचे, तिथल्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होता. म्हणूनच पुलमनची बाजू तुम्ही मांडलीत तर तिच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी करू शकणार नाही. नव्या नेमणुका तुमच्यासमोर येतच राहणार आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढच्या रीजंटला नेमण्याआधी तुम्ही त्यांना पुलमनबद्दल काय विचारणार आहात, एवढं मला लेखी कळवावं ही विनंती.

कळावे,

दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींची आई,
बॉथेल, वॉशिंग्टन