अजून तेच एक प्रोटीन

आई-बाबा,

फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. परवा बाबांनी विचारलं, "अजून तेच एक प्रोटीन चाललंय का तुझं?" आणि मी हो म्हणून विषय बदलला, मागनं आई हसलेली ऐकू आली मला. तर हो, लॅबमध्ये अजून त्याच प्रोटीनवर काम, तिसरं वर्ष.

बाबा, तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या मागावर होता ना, जॅकार्डवर ती भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागनं एक सरकायची आणि चादरीवर मोर उठायचा. पेशीत पण तसंच असतं बघा. माग म्हणजे रायबोसोम, कार्डांची माळ म्हणजे एमआरएनए, ती आत गेली की त्या नक्षीचं प्रोटीन विणून बाहेर. व्हायरस घुसला की पेशी इंटरफेरॉन विणायला घेते, म्हणजे शेजारच्या पेशींना हाळी, चोर आलाय, कड्या लावा. कोरोनाचा व्हायरस काय करतो तर एनएसपी१ नावाचं प्रोटीन सोडतो. तेच माझं. एवढुसं आहे, १८० मण्यांची माळ (मणी म्हणजे अमिनो ॲसिड), शेपटाकडं दोन छोट्या गुंडाळ्या, त्या बरोबर कार्डं जिथनं आत शिरतात त्या भोकात पाचरीसारख्या जाऊन बसतात. माग ठप्प, हाळी घशातच. गोठवलेल्या रायबोसोमचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढलेले ते फोटो २०२० मध्ये आले, तेव्हा मी लॉकडाऊनमुळं घरीच होते आणि आई शेजारी शेंगाचटणी कुटत होती, लॅपटॉप हालत होता नुसता.

आणि गंमत म्हणजे १६४ आणि १६५ नंबरचे दोनच मणी बदलले की पाचर बसतच नाही! मग व्हायरसची स्वतःची कार्डं कशी जातात? त्यांच्या तोंडाशी एक वेटोळं असतं, ते असलं की वाट मिळते. लबाडच की ओ.

गेल्या आठवड्यात रात्री मी शेकर (पेशी वाढवायचं द्रव हलवत ठेवणारं मशीन) चालू करायचं विसरले, सगळं कल्चर, म्हणजे त्यात वाढवलेल्या पेशी, वाया. फोनवर बोलले नाही, कारण बाबा कधी माग तसाच सोडून घरी आलेले मला आठवत नाहीत.

आई, काकू हुतात्मानं येणारेत ना, चटणी त्यांच्याकडं दे, तिखट कमी नको करू. आणि बाबा, कार्ड अडकलं की तुम्ही आधी काय बघायचा, कार्ड की भोक? रविवारी फोन करते तेव्हा सांगा.

तुमची पोरगी