सुतार कोणता, ते कळलं

कोलंबस, ओहायो
२५ जानेवारी

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी पाठवलेला फोटो बघून फोनवर तुम्ही विचारलंत, "सुतारपक्षी आहे हे दिसतंय, पण कोणता?" तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगते.

आमच्या परसात दोन काळे-पांढरे सुतार येतात, डाउनी आणि हेअरी. दोघांच्याही पाठीवर पांढरा पट्टा, पंखांवर ठिपके, नराच्या डोक्यामागे लाल टिळा. डाउनी चिमणीहून जरासा मोठा, हेअरी साळुंकीच्या जवळपास. समोर असले की फरक कळतो, फोटोत मात्र आकाराचा अंदाजच येत नाही. म्हणून चोच बघायची. डाउनीची डोक्याच्या जेमतेम एक तृतीयांश, हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी. त्यासाठी पक्षी अगदी बाजूने टिपायला हवा, आणि हा क्षणभर मान स्थिर ठेवत नाही!

पक्ष्यांसाठी जाळीत टांगलेल्या चरबीच्या वडीवर बसलेला असताना फोटोत जाळीच जास्त दिसायची. मग लक्षात आलं, तो आधी शेजारी कुठेतरी बसून अंदाज घेतो. तिथेच एक वाळकी फांदी बांधली. स्वयंपाकघराची काच पुसून लेन्स तिला टेकवली, फ्लॅश बंद, शटर १/१००० सेकंद, फोकस डोळ्यावर. ढगाळ दिवसांत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावी लागते, फोटो रवाळ येतो. येऊ दे. काल सलग काढलेल्या फोटोंत एक मनासारखा मिळाला: आखूड चोच, आणि शेपटीच्या कडेच्या पांढऱ्या पिसांवर काळे ठिपके. हेअरीची ती पिसं सहसा कोरी असतात. डाउनीच, बाबा!

आईला सांगा, तिची चिमणीही इथे आहे. १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये आणून सोडली, ती देशभर पसरली. इथल्या ब्लूबर्ड नावाच्या निळ्या पक्ष्यांची घरटी बळकावते म्हणून पक्षीप्रेमींचा तिच्यावर राग आहे. मला तो पटतो, तरी तिची चिवचिव ऐकली की आपली ओसरी आठवते.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना असते. १९९८ साली इथे सुरू झाली, २०१३पासून जगभर होते. किमान पंधरा मिनिटं बसून जे दिसतील ते मोजायचे. तुम्ही उंबराखाली खुर्ची टाका, मी खिडकीशी बसते. तांबट अजून त्याच वाळक्या फांदीवर येतो का? आला तर बाजूने फोटो काढा, चोचीजवळचे राठ केस दिसले पाहिजेत.

तुमची,
मनू